दूध संस्थेतला सत्कार

परदेशातून प्रशिक्षण घेऊन आले, त्या वर्षी माझ्या कपाटात सतरा शाली जमल्या. मी काही फार मोठा पराक्रम केला नव्हता. मी सरकारी वकील. फौजदारी कोर्टात सरकारच्या बाजूनं उभं राहायचं, पोलिसांनी आणलेले कागद लावायचे, साक्षीदार तपासायचे आणि खटला पडला की वरच्या साहेबांची बोलणी खायची, हे काम मी वीस-बावीस वर्षं करतेय. कुणाच्या तरी मनात आलं, माझं नाव एका यादीत गेलं आणि मी पाच आठवडे परदेशात जाऊन आले. विषय होता साक्षीदारांचं संरक्षण.

पण कोल्हापुरात सत्काराला कारण लागत नाही, फक्त माणूस सापडावा लागतो. पोरगं दहावी सुटलं, सत्कार. तलाठ्याची बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, पुन्हा सत्कार. मी तर विमानात बसून आलेली बाई. वकिलांनी केला, माझ्या माहेरी पेठ वडगावात शाळेनं केला, आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळानं केला. एका ठिकाणी सूत्रसंचालकानं मी तिकडं जाऊन गुन्हेगार पकडून आल्यासारखं सांगितलं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी मान खाली घालून बसले होते, पण खोटं कशाला सांगू, मनातून बरं वाटत होतं. बावीस वर्षांत कुणी चहाला विचारलं नव्हतं.

प्रशिक्षण मात्र खरंच चांगलं होतं. निरनिराळ्या देशांतले आम्ही वीसएक जण. कुणी पोलीस, कुणी तुरुंगाचे अधिकारी, कुणी न्यायाधीश. शिकवायला एक निवृत्त न्यायाधीश होत्या, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला तिथलं कोर्ट दाखवलं. साक्षीदाराला यायला वेगळं दार, बसायला वेगळी खोली, आरोपीचं तोंड दिसू नये म्हणून पडदा. घाबरलेल्या साक्षीदाराला धीर यावा म्हणून एक शिकवलेलं कुत्रंसुद्धा होतं. कुत्री आमच्याही कोर्टाच्या आवारात आहेत, पण ती पट्टेवाल्याच्या डब्यावर डोळा ठेवून असतात.

त्या बाईंनी एके दिवशी विचारलं, साक्ष झाल्यावर तुमचा साक्षीदार घरी कसा जातो? प्रत्येकानं आपापल्या देशाचं सांगायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मला उत्तर येईना. मी शेकडो माणसं पिंजऱ्यात उभी केली, खरं सांगा म्हणून दटावलं, आणि ती घरी कशी जातात हे मला माहीत नव्हतं. खरं तर माहीत होतं. आरोपीही त्याच गावचा आणि गावाला जाणारी एसटी एकच. मी तेवढं सांगितलं. त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन मी रडले आणि ठरवलं की परत गेल्यावर एका तरी साक्षीदाराचं नीट करायचं.

परत आले. साहेबांना अहवाल दिला. त्यांनी तो न उघडता टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "छान. आता तुम्ही मास्टर ट्रेनर. जिल्ह्याची क्षमता बांधणी करायची."

क्षमता बांधणी म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा. एका हॉटेलचा हॉल, दारात माझ्या फोटोचा फ्लेक्स, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांची भाषणं. हे सगळं आवरेपर्यंत जेवणाची वेळ झाली. परदेशातून एक तज्ज्ञ आले होते, त्यांनी पांढरा रस्सा सूप म्हणून तीन वाट्या प्यायला आणि दुपारभर पंख्याखाली बसून राहिले. मी दुसऱ्या दिवशी चार तास बोलले. वेगळी खोली, वेगळं दार, पडदा. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतला एक हवालदार उठला.

"म्याडम, हे समदं खरं हाय. पण गाडीत डिझेल कोण घालणार?"

सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि आतून इतकी चिडले की घरी जाऊन भांडी आपटली. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या ठाण्याला एक जीप, आणि ती ढकलून चालू करावी लागते. चिडायचं कुणावर हेच कळत नव्हतं.

कार्यशाळेच्या शेवटी असं ठरलं की प्रत्येक मास्टर ट्रेनरनं एक खटला घ्यायचा आणि शिकलेलं त्यात वापरून दाखवायचं. मी लगेच एक फाईल पुढं ओढली. कोडोलीच्या आतल्या बाजूला एक लहान गाव आहे. तिथं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक माणूस होता, जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मोटार वेळेत दिली नाही म्हणून गावातल्याच एका तरुणानं त्याच्याशी भांडण काढलं आणि पहारीनं डोक्यात मारलं. माणूस जगला, पण डावी बाजू गेली, बोलणं गेलं आणि त्या संध्याकाळचं काहीच आठवत नाही. त्याची बायको, आम्ही तिला भाभी म्हणायचो, प्रत्येक तारखेला त्याला रिक्षातून उतरवून आणायची आणि कोर्टात मागच्या बाकावर भिंतीला टेकवून बसवायची. आपला माणूस दिसला तर न्यायाधीश लवकर निकाल देतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

त्याला मारताना बघणारी एकच व्यक्ती होती. गावातली एक बाई, चाळिशीतली, दोन म्हशींची धनीण. नवरा एमआयडीसीत कामाला. ती संध्याकाळी किटली घेऊन दूध घालायला निघाली होती आणि तिनं वाटेत सगळं बघितलं. त्याच दिवशी, कुणी बोलवायच्या आत, स्वतः पोलिसांकडं जाऊन तिनं जबाब दिला होता. मी तिला पहिल्यांदा ऑफिसात बोलावलं तेव्हा ती पदराला हात पुसत आत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी बगितलोय ते सांगणार की. त्यात भ्याचं काय?"

आमच्याकडच्या खेड्यांत बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. तिचं ते खणखणीत बोलणं ऐकून मला वाटलं, हा खटला हातातून सुटायचा नाही. तिथंच थांबायला हवं होतं. तिला चहा पाजून, तारखेला या म्हणून सांगून वाटेला लावलं असतं तर बरं झालं असतं. पण मी शिकून आले होते. माझ्याकडं अकरा पानांचा फॉर्म होता, धोका मूल्यमापनाचा, आणि त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तो साक्षीदाराच्या राहत्या घरी जाऊन भरावा.

मी पोलिसांची जीप मागितली. ती मिळायला तीन आठवडे गेले, पण मिळाली. जीप, चालक, आमच्या कोर्टाचं काम बघणारा हवालदार आणि मी, असे आम्ही दुपारी तिच्या दारात उतरलो. बोळ एवढा अरुंद की जीप उभी केल्यावर पलीकडच्या घरातल्या माणसांना अंग चोरून जावं लागत होतं. पाच मिनिटांत निम्मं गाव गोळा झालं. तिची सासू लगबगीनं चहा टाकायला गेली. मी अंगणात खुर्चीवर बसून फॉर्म काढला.

तुमच्या घराला मागचं दार आहे का? आहे. रात्री कोण कोण असतं? सासू, दोन मुली, मालक कधी असतात, कधी नसतात. आरोपीचं घर किती लांब? हे काय, पलीकडच्या बोळात. तुम्हाला कुणी मारण्याची धमकी दिली आहे का? न्हाय. फोनवर दिली आहे का? न्हाय. कुणी तुमचा पाठलाग करतं का? ती हसली. म्हणाली, "म्हशीच्या मागं मी, माझ्या मागं कोण लागणार?" बघ्यांतही हशा पिकला. मी सगळीकडं नाही, नाही, नाही अशा खुणा केल्या. शेवटच्या पानावर गुणांची बेरीज होती. उत्तर आलं, धोका कमी. मला हायसं वाटलं.

उठणार एवढ्यात तिघे-चौघे पांढऱ्या टोप्यांतले लोक पुढं आले.

"म्याडम, आमच्या संस्थंत पायधूळ झाडल्याबिगर जायचं न्हाय. वडगावच्या लेकी तुमी, परदेशाला जाऊन आलाय. गावाचा मान ऱ्हायला पायजे की."

संस्था म्हणजे दूध संस्था. आमच्याकडं गावात देऊळ असो नसो, दूध संस्था असतेच, आणि सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथं किटल्या घेऊन रांगेत असतं. मी नको म्हटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर गावाचा अपमान झाला असता. ही बाहेरच्या माणसाला न पटणारी गोष्ट आहे. आमच्याकडं शाल घ्यायला नकार देणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. आणि दुसरं, तेही सांगून टाकते. अठरावी शाल मला नको होती असं नाही.

दूध घालायची वेळ झालीच होती. संस्थेच्या दारात सतरंजी टाकलेली, नारळ आणलेला, कुणीतरी फेटाही बांधला. चेअरमन साठीचे, हसतमुख, बोलायला गोड. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. नारळ दिला. माईक नव्हता, तरी त्यांचा आवाज शेवटच्या किटलीपर्यंत गेला. मग मी बोलायला उभी राहिले. फेटा डोक्यावर होता, समोर शंभरेक माणसं होती, मला जोर चढला. मी म्हणाले, साक्षीदारानं घाबरायचं कारण नाही, शासन त्याच्या पाठीशी आहे. टाळ्या पडल्या. रांगेत मधेच ती उभी होती, हातात किटली. मी तिला हाक मारली.

"या की वहिनी, फोटोत या."

ती आली नाही. तिनं किटली या हातातून त्या हातात घेतली आणि खाली बघितलं. मला वाटलं लाजली. फोटो निघाला. मधे मी, एका बाजूला चेअरमन, दुसऱ्या बाजूला हवालदार, माझा नारळ सांभाळत.

परत येताना कोडोली मागं पडली तेव्हा हवालदारानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "चेअरमन आरोपीचा मामा लागतोय, म्याडम."

मी जीप थांबवायला लावली. का थांबवली ते मला आजही माहीत नाही. परत जाऊन काय करणार होते? मी त्याच्यावर ओरडले, "अहो, मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमास्नी म्हाईत आसंल म्हटलं. आन् सत्कार मदीच कसा मोडायचा?"

आरोपीचं आडनाव वेगळं, मामाचं वेगळं. कागदावरून कळणार नव्हतं. पण अकरा पानांत मी तिच्या मागच्या दाराची कडी कशी आहे तेसुद्धा विचारलं होतं आणि आरोपीचा मामा कोण हे विचारलं नव्हतं. आमच्या भागात कुठल्याही गावात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, कुणाचं पावणं? तो प्रश्न माझी आजारी आईसुद्धा अंथरुणावरून विचारते. मी वडगावची मुलगी, मला तो सुचला नाही, कारण फॉर्ममध्ये तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. शाल परत पाठवते, असंही मी म्हणाले. साहेब वैतागले. "अहो, शालच आहे ती, काय लाच आहे का? परत पाठवलीत तर पेपरात येईल. गप्प बसा." मी गप्प बसले. आठवड्यानं ऑफिसातल्या कारकुनानं परदेशी पाठवायच्या प्रशिक्षण प्रकल्पाच्या अहवालाला फोटो पाहिजे म्हणून कुठल्या तरी ग्रुपवर फिरत आलेला तोच फोटो लावला आणि खाली लिहिलं, लोकसहभाग. परदेशातून अभिनंदनाचा मेल आला. संताप कुठं जिरवायचा हे कळेना, म्हणून कारकुनाला झापलं. तो बिचारा म्हणाला, "फोटोत तुमी चांगल्या दिसताय म्हणून लावला."

महिन्याभरानं ती ऑफिसात आली. या वेळी खुर्चीवर बसली, कडेला, अर्धीच.

"म्याडम, दूध परत याय लागलंय."

आधी फॅट कमी दाखवायला लागले. तीच म्हैस, तीच वैरण, पण यंत्रावरचा आकडा रोज खाली. मग एका सकाळी मापाड्यानं झाकण उघडून नाकाला पदर लावल्यासारखं केलं आणि वास येतोय म्हणून किटली बाजूला ठेवली. सगळ्या रांगेसमोर. संध्याकाळी पुन्हा. तिनं दुसऱ्याच्या किटलीतून दूध पाठवून बघितलं, तेही ओळखून परत केलं. सासू दोन दिवस अंगणात दही लावत बसली. दही तरी किती लावणार? गावात दुसरी संस्था नाही.

"कुणी काही बोललं का तुम्हाला?" मी विचारलं.

"न्हाय. कोण कशाला बोलतंय? चेअरमन तर म्हणत्यात, वैनी, म्हशीला डॉक्टर दावा."

मी पोलिसांना फोन लावला. तिकडून अधिकारी शांतपणे म्हणाले, म्याडम, दूध परत केलं म्हणून कुठला गुन्हा नोंदवू? त्यांचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त त्रास याचा झाला की प्रत्येकाचं बरोबरच होतं. मी पत्रावर पत्रं लिहिली. साक्षीदारास संरक्षण मिळणेबाबत. शेवटी एक शिपाई मिळाला. तो तिच्या दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. सकाळचा चहा, दुपारची भाकरी, संध्याकाळचा चहा तिच्या सासूनं करायचा. बोळातल्या बायका दळण घेऊन जाताना लांबच्या वाटेनं जायला लागल्या. चार दिवसांनी त्याला मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी काढून नेलं, आणि मला आधी वाटलं ते हे की बरं झालं, नेलं.

कोर्टातल्या वेगळ्या खोलीसाठीही मी तीन पत्रं दिली होती. खोली मंजूर झाली. जुनी मोडकी टेबलं भरलेली ती खोली मी स्वतः उभी राहून रिकामी करून घेतली, दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवला. साक्षीची तारीख लागली. समन्स त्याच हवालदाराकडं गेलं. नंतर कळलं की त्यानं ते तिला दूध संस्थेतच दिलं, नाव पुकारून, कारण तिथं माणूस हमखास सापडतो आणि बोळात गाडी घालणं जिवावर येतं. दूध घेत नव्हते तरी ती रोज किटली घेऊन जातच होती. रोज परत आणत होती. हे ऐकलं तेव्हा मला तिच्याबद्दल जे वाटलं ते मला लिहून सांगता येणार नाही.

तारखेच्या दिवशी मी लवकर पोचले. खोलीला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडं तो कारकून रजेवर. मी पट्टेवाल्याला पळवलं, दुसऱ्या किल्लीसाठी भांडले, आवाज चढवला. व्हरांड्यात एकच लांब बाक आहे. मी परत आले तेव्हा ती त्या बाकावर बसली होती, आणि तिच्या शेजारी आरोपीची आई. दोघी बोलत नव्हत्या. आरोपीच्या आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्या पुढं धरली आणि तिनं घेतली. ऊन होतं, तहान लागली असणार.

पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेतली. मागच्या बाकावर भाभीनं नवऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं, त्याचा डावा हात तिनं त्याच्या मांडीवर नीट ठेवला होता. मी सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, सुरू केला. नाव, गाव, काम. त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होता?

"दूध घालाय गेलतो."

"वाटेत काय बघितलं?"

"काय न्हाय बगितलं."

मी प्रश्न पुन्हा विचारला. तिनं पुन्हा तेच सांगितलं, खाली बघून, अजिबात न अडखळता. जबाब वाचून दाखवला, तर म्हणाली पोलिसांनी काय लिहिलं मला ठाऊक नाही.

आता कायद्यानं माझ्यापुढं एकच वाट होती. आपलाच साक्षीदार फितूर झाला की सरकारी वकिलानं कोर्टाची परवानगी घ्यायची आणि त्याचाच उलटतपास घ्यायचा. त्याला शेवटी एक ठरलेलं वाक्य विचारायचं असतं. मी ते वाक्य शेकडो वेळा विचारलं आहे, झोपेतसुद्धा म्हणेन. त्या दिवशीही मी ते विचारलं.

"मी तुम्हाला सुचवते की तुम्ही आरोपीच्या लोकांना मिळाला आहात, म्हणून आज खोटी साक्ष देताय."

तिनं मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं.

"मिळालं कोण ते समद्या गावानं बगितलंय, म्याडम."

टायपिंग थांबलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. आरोपीचे वकील उगाच कागद चाळायला लागले.

"काय म्हणतेय साक्षीदार?" न्यायाधीशांनी विचारलं. "कशाबद्दल बोलतेय? सरकारी वकील, तुम्हाला काही माहीत आहे?"

सगळं ओठांवर आलं होतं. चेअरमन आरोपीचे मामा आहेत, त्यांच्या हातची शाल मी सगळ्या गावासमोर घेतली, त्यानंतर या बाईचं दूध परत यायला लागलं, ती घाबरली ती त्यांना नाही, माझ्यावर विश्वास ठेवायला घाबरली. एवढं सांगितलं असतं तर कदाचित काही झालं असतं. कदाचित न्यायाधीशांनी साक्ष थांबवली असती, चौकशी लावली असती. माझीही लागली असती. नोकरीची आठ वर्षं राहिली आहेत. आई अंथरुणाला आहे. पेपरात फोटो आला असता, तोच. तिला मी अकरा पानं प्रश्न विचारले होते आणि मला न्यायाधीशांनी एकच विचारला होता. ती पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"काही नाही, सर," मी म्हणाले. "विषयाशी संबंध नाही."

स्टेनोनं ठरलेलं वाक्य टाईप केलं, हे म्हणणे खरे नाही की मी आरोपीला मिळाले आहे. तिनं एकेक अक्षर काढत खाली सही केली आणि पिंजऱ्यातून उतरली. माझ्या टेबलाजवळून जाताना ती थांबली नाही.

मी फाईल बांधत होते. भाभी मागच्या बाकावरून उठून पुढं आली. कोर्टातलं अर्धं बोलणं तिला ऐकू येत नव्हतं, ऐकू आलं तरी समजत नव्हतं. एवढ्या तारखांनंतर ती बाई खरोखर पिंजऱ्यात उभी राहिली आणि इतका वेळ बोलली, एवढंच तिनं बघितलं होतं. तिचा चेहरा उजळला होता.

"वकीलबाई," ती म्हणाली, "झाली न्हवं का साक्ष?"

मी तिला म्हणाले, "झाली."